एरंडेल कोणत्या धान्याला?

‘नैसर्गिक’ कीडनियंत्रणाच्या ज्या याद्या छापून येतात, त्यांत धान्याला एरंडेल चोळा हे कलम ठरलेले. पण कोणत्या धान्याला? मुगातला भुंगा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. तेलाच्या थराखाली ती गुदमरतात. गव्हातला सोंडकिडा मात्र दाणा पोखरून अंडे आत घालतो आणि भोक बुजवून टाकतो. तेल तिथवर जाणार कसे? किडीचे जीवनचक्र या याद्यांत सहसा आम्हाला सापडत नाही. नाशिककडे मे महिन्यात गच्चीवर पातळ पसरून गहू वाळवतात, ती रीतही त्यांत एका ओळीत उरकलेली असते. वास्तविक दाणा काही वेळ ५० अंशांपुढे तापला की आतली अळीही वाचत नाही, शिवाय ओल कमी होते. शिक्षकांनी किडका मूग वर्गात भिंगाखाली ठेवावा. पांढरे ठिपके दिसतील, ती अंडी.