एक अंगाई आणि तीन गळे

ऑपेरा, ब्लूज आणि रॉक या तीन पाश्चात्य गानप्रकारांचे भक्त सहसा एकमेकांच्या वाऱ्यास उभे राहत नाहींत. ऑपेऱ्याच्या उपासकास रॉक हा निव्वळ कोलाहल वाटतो. रॉकच्या उपासकास ऑपेरा म्हणजे श्रीमंतांची जांभई वाटते. आम्हांस तिन्ही प्रिय असल्यामुळें सर्वांचींच दूषणें ऐकावीं लागतात. म्हणून तिघांस एकाच कसोटीवर घासून पाहावें, या हेतूनें आम्ही येथें एकच गीत घेतों. तें म्हणजे जॉर्ज गर्श्विन याच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेऱ्यांतील 'समरटाइम'.

हा ऑपेरा १९३५ सालीं रंगभूमीवर आला. गर्श्विन हा रशियांतून अमेरिकेंत आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. १९३४ च्या उन्हाळ्यांत तो चार्ल्सटनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिला आणि तेथील कृष्णवर्णीय वस्तीचें गाणें त्यानें कान देऊन ऐकलें. ही कृति ऑपेरा म्हणावी कीं नाहीं, यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेऱ्याचे दरवाजे तिला १९८५ सालीं उघडले. म्हणजे पन्नास वर्षें लागलीं!

पडदा उघडल्यावर थोड्याच वेळांत क्लारा नांवाची कोळ्याची तरुण बायको आपल्या बाळास निजवीत हें गीत गाते. घरांत कशाची वाण नाहीं, तुझ्या केसालाहि धक्का लागणार नाहीं, असा दिलासा ती देते. पुढें वादळांत नवरा समुद्रावर अडकतो, त्याच्यासाठीं क्लारा बाहेर धांवते आणि दोघेंहि परत येत नाहींत. मग तीच अंगाई बेस त्या पोरक्या मुलाला गाऊन दाखविते. तेव्हां हें गीत दिलासा आहे कीं फसवणूक, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर गाणारीच्या गळ्यांतून यावयाचें आहे.

लिओन्टिन प्राइस हिनें १९६३ सालीं केलेलें ध्वनिमुद्रण ऐकावें. आवाज भरदार, निर्मळ, कोठेंहि ओरखडा नाहीं. येथें गोडव्यासाठीं गोडवा असता तर आम्हीं तो बाजूला सारला असता. आपल्या संगीत नाटकांत पद रंगलें कीं प्रसंग विसरला जातो, ही खोड आम्हांस चांगली परिचित आहे. पण येथें तो गोडवा प्रसंगाचाच आहे. क्लारेला पुढचें ठाऊक नाहीं, म्हणून तिच्या आवाजालाहि तें ठाऊक असतां कामा नये. दैवाचा क्रूरपणा नाटक सांगेल.

बिली हॉलिडे हिचें १९३६ चें गायन याच्या अगदीं उलट आहे. तिच्या आवाजाचा पल्ला लहान, आणि लय अंगाईला न शोभणारी, चटपटीत. गांधार कोमल कीं शुद्ध याचा निवाडा न करतां स्वर दोहोंच्या मध्यें लोंबकळत ठेवण्याची जी ब्लूजची रीत, ती तिच्या अंगांत मुरलेली आहे. शब्द ती ठेक्याच्या किंचित् मागें टाकते, आणि दिलासा देणारीचाच त्यावर विश्वास नाहीं असें वाटूं लागतें.

राहतां राहिली जॅनिस जॉप्लिन. १९६८ च्या 'चीप थ्रिल्स' या ध्वनिमुद्रिकेंत दोन गिटारी एकमेकींत गुंतत जातात आणि मग तिचा फाटका आवाज येतो. मधला गिटारीचा तुकडा आम्हांस लांबलेला वाटतो, तें असो. ही आरडाओरड आहे, असें म्हणणाऱ्यांनीं ती कोण गात आहे हें पाहावें. ही क्लारा नव्हे. वादळ ओसरल्यावर परक्याचें मूल उराशीं धरलेली बेस आहे. तुला कांहीं होणार नाहीं, असें ती म्हणत नाहीं, तशी भीक मागते. गोऱ्या मुलीनें काळ्यांचें गाणें उचललें, हा आक्षेप मात्र हलका नव्हे. तें ऋण तिला ठाऊक होतें. ब्लूजची सम्राज्ञी बेसी स्मिथ १९३७ सालीं वारली. तिच्या थडग्यावर शिळा बसली ती १९७० सालीं, आणि त्या खर्चाचा वाटा उचलणाऱ्यांत जॉप्लिन होती. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तीहि गेली.

वाचकांनीं हीं तिन्ही गायनें एका बैठकींत ऐकावीं. मात्र प्राइसचें आधीं ऐकावें. जॉप्लिननंतर तें ऐकल्यास प्राइसवर अन्याय होतो.