मोकळी जमीन होती, म्हणून युनियन दुबळ्या? एक थिअरी तपासून बघू

अमेरिकेचा कामगार-इतिहास वाचायला घेतलात की एक युक्तिवाद लवकरच भेटतो. पश्चिमेला मोकळी जमीन होती. कारखान्यात पटलं नाही तर मजूर संप कशाला करेल, तिकडे जाऊन शेती करेल. म्हणजे फ्रंटिअर, गोऱ्या वसाहतींची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड, ही कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. ही कल्पना जुनीच होती, पण फ्रेडरिक जॅक्सन टर्नरच्या १८९३ च्या निबंधानंतर तिला वजन आलं.

ऐकायला पटतं ना? आता दोन प्रश्न विचारा.

पहिला: गेलं कोण? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची. (ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, म्हणून ‘मोकळी’ हा शब्दही तपासूनच वापरा.) पण प्रवास, बैल, नांगर, कुंपण, पहिलं पीक येईपर्यंतचं खाणं? क्लॅरेन्स डॅनहॉफने १९४१ मध्ये हा खर्च मांडला आणि तो साध्या मजुराला झेपणारा नव्हता हे दाखवलं. १९४५ मध्ये फ्रेड शॅनन म्हणाला, ओघ उलटाच होता. शेतीतली माणसंच शहरात येत होती.

दुसरा: फ्रंटिअरवर मजुरांचं काय झालं? आयडाहोच्या कोर डलेन भागात १८९२ मध्ये खाणमालकांनी मजुरी कापली. संप झाला, लष्कर आलं, पुढारी तुरुंगात गेले. मे १८९३ मध्ये मोंटानातल्या ब्यूट गावी वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स ही लढाऊ युनियन उभी राहिली. दोनच महिन्यांनी शिकागोत टर्नरने आपला निबंध वाचला!

मग थिअरी फेकून द्यायची? इतकी घाई नको. शॅननचा हिशेबही अपुरा आहे. पश्चिमेला गेलेले शेतकरी तिकडे गेले नसते, तर त्यातले काही कारखान्यांच्या दारात उभे राहिले असते आणि मजुरी आणखी पडली असती. हा अप्रत्यक्ष परिणाम नुसती डोकी मोजून दिसत नाही. मात्र ‘फ्रंटिअरने युनियन रोखल्या’ हे सरसकट विधान टिकत नाही. निदान खाणींच्या मुलखात तरी तिथल्याच परिस्थितीने त्या घडवल्या.

तुमच्या प्रपोजलमध्ये ‘अमुक होतं म्हणून तमुक झालं’ असं वाक्य आलं, की तिथेच थांबा. नेमकं कोणाच्या बाबतीत झालं, आणि ते कुठल्या नोंदींत सापडेल, हे आधी लिहा. गाईडही तेच विचारणार आहेत.