जुन्या छायाचित्रांतील देखणा पुरुष : समीक्षेने टाळलेला एक विषय

मराठीत जुन्या व्यक्तिछायाचित्रांविषयी जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी चरित्रलेखनाच्या पोटात झाले आहे. छायाचित्रातील पुरुष कोण, कोणत्या घराण्यातला, त्याने कोणते कार्य केले, एवढे सांगून लेखक पुढे सरकतो आणि तो दिसायला कसा होता, किंवा तसा दिसावा म्हणून छायाचित्रकाराने काय योजना केली, हा प्रश्न अस्पर्शित राहतो. हा संकोच परंपरेतून आलेला नाही, कारण संस्कृत काव्यशास्त्राने नायकाच्या लक्षणांत रूपाची गणना केली, पंडित कवींनी राम, कृष्ण आणि नल यांच्या देहकांतीची वर्णने मोकळेपणाने केली आणि लावणीतील नायिकेनेही छबीदार प्रियकराचे कौतुक करताना कधी मान खाली घातली नाही. आधुनिक गद्याने मात्र पुरुषाच्या रूपाची स्तुती तेज, करारीपणा, भारदस्तपणा अशा गुणांच्या आडून करण्याची सवय लावून घेतली, आणि त्यामुळे छायाचित्रणासारख्या केवळ दृश्यावर उभ्या असलेल्या कलेची समीक्षा अपुरी राहिली.

पश्चिम भारतात या कलेची पायाभरणी लवकर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी व व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी मंडळी या नव्या विद्येत उतरली. याच काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत (१८६३ आणि १८६६) प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक समूह एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच ठिकाणच्या पार्श्वभूमीवर बसवलेले आहेत. अशा ग्रंथांत माणूस हा जातीचा नमुना म्हणून उभा केलेला असतो, त्याचे नावही बहुधा दिलेले नसते, आणि म्हणून त्याच्या बांध्याचे किंवा चेहऱ्याचे कौतुक करताना त्याला कसे उभे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, याचे भान ठेवावे लागते. स्वतःचे पैसे मोजून, आवडीचा अंगरखा घालून स्टुडिओत गेलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी आहे. त्याने स्वतःला देखणे दाखवण्याचा बेत केलेला असतो, आणि तो बेत कितपत साधला हे पाहणे हेच समीक्षेचे काम आहे.

यासाठी त्या काळाचे तंत्र समजून घेणे अटळ आहे. १८५१ नंतर रूढ झालेल्या कलोडियन पद्धतीत, म्हणजे काचेवर रासायनिक द्रावणाचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घेण्याच्या आणि धुण्याच्या पद्धतीत, निळा रंग झटकन उमटत असे, तर तांबडा आणि पिवळा जवळजवळ उमटतच नसे. परिणामी लाल पागोटे छायाचित्रात काळेभोर दिसते, कपाळावरचे कुंकवाचे गंध शाईच्या ठिपक्यासारखे उठते आणि गव्हाळ वर्ण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी सावळा होतो. जुन्या चित्रांत चेहऱ्याभोवती जी गडद, गंभीर चौकट जाणवते, तिचे श्रेय पुष्कळदा या रसायनाचे असते. व्यक्तिचित्रांसाठी वापरले जाणारे पेट्झवाल भिंग मध्यभागी अत्यंत रेखीव आणि कडांकडे मऊ चित्र देई, त्यामुळे डोळे, नाक आणि मिशीचा आकडा स्पष्ट येतो, पण कान आणि खांदे विरघळल्यासारखे होतात. पाहणाऱ्याची नजर आपोआप डोळ्यांवर खिळते. काही सेकंद निश्चल बसावे लागत असल्याने डोक्यामागे लोखंडी आधार असे, आणि हसू तेवढा वेळ टिकणे कठीण असल्याने ओठ मिटलेले असत. आज ज्याला आपण त्या पिढीचा करारी स्वभाव म्हणतो, त्यात या आधाराचा आणि तत्कालीन शिष्टाचाराचा मोठा वाटा आहे. याचा अर्थ ते सौंदर्य खोटे, असा होत नाही. ते बसणारा, टिपणारा आणि काच या तिघांनी मिळून घडवलेले आहे.

मराठवाड्यापुरता विचार करताना मुंबई-पुण्याकडे पाहून भागत नाही. पूर्णा नदीच्या काठचे सिद्धेश्वर, औंढा नागनाथ आणि हिंगोली हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. या संस्थानातील पुरुषी रुबाबाची दृश्यभाषा घडवणारा कलावंत म्हणजे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने सिकंदराबादला आणि पुढे मुंबईला स्टुडिओ काढले, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना राजा मुसव्वर जंग हा किताब दिला. त्यांच्या दरबारी चित्रांतील वैशिष्ट्य असे की दागिने आणि वस्त्रे यांची झगमग ते चेहऱ्यावर कुरघोडी करू देत नाहीत. प्रकाश एका बाजूने येतो, शेरवानीचा काळा पट्टा सरळ उभा राहतो, आणि गालाच्या हाडावरून उतरणारी छाया माणसाला वय, थकवा आणि डौल एकाच वेळी देते. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांवर पुरुषसौंदर्याच्या अंगाने मराठीत गंभीर लेखन व्हायला हवे. मराठवाड्यातील वाड्यांच्या ओसरीवर शेरवानी, रुमी टोपी किंवा फेटा अशा वेशात टांगलेले पूर्वज या दृश्यभाषेचेच दूरचे वारस आहेत.

रंगभूमी आणि चित्रपट यांनी या सौंदर्याला आणखी एक वळण दिले. बालगंधर्वांच्या स्त्रीवेशातील छायाचित्रांवर भरपूर लिहिले गेले, परंतु ‘मानापमान’ नाटकाच्या १९२१ च्या संयुक्त प्रयोगात त्यांच्यासमोर धैर्यधर म्हणून उभे राहिलेल्या केशवराव भोसले यांच्या रूपाकडे, गाण्याची कीर्ती बाजूला ठेवून, फारसे कोणी पाहिले नाही. ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटातील शाहू मोडक यांचा पोलिस शिपाई हे या परंपरेतील उत्तम उदाहरण आहे; गणवेशाच्या कडक रेषेत कोवळा चेहरा ठेवण्यातला विरोध दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी नेमका हेरला होता. पुढे गावोगावचे छायाचित्रकार चित्रपटांच्या धर्तीवर केसांमागून दिवा टाकू लागले, आणि ओसरीवरचा पूर्वज नटासारखा तिरका पाहू लागला.

पाश्चात्त्य समीक्षेने हा विषय टाळलेला नाही. रोलाँ बार्त यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात, फाशीची वाट पाहणाऱ्या एका तरुण कैद्याच्या १८६५ मधील छायाचित्रावर लिहिताना, चित्र आणि तरुण दोन्ही सुंदर असल्याचे सरळ मान्य केले आहे. डेव्हिड डाइचर यांनी एकत्र बसलेल्या, हातात हात घेतलेल्या अमेरिकन पुरुषांच्या जुन्या चित्रांवर २००१ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि त्या जवळिकीला आजचे एकच नाव चिकटवण्याची घाई केली नाही. खांद्यावर हात टाकून बसलेल्या मित्रांची तशीच चित्रे महाराष्ट्रातील अल्बममध्येही आढळतात. त्यांच्याकडे तितक्याच मोकळेपणाने आणि तितक्याच संयमाने पाहता येईल.

सध्या या चित्रांना खरा धोका मोबाइलवरील रंग भरणाऱ्या आणि चेहरा गुळगुळीत करणाऱ्या साधनांचा आहे. ती साधने पागोट्याला अंदाजाने रंग देतात, देवीचे व्रण पुसतात, आणि मिशीखालचा ओठ नव्याने रचतात. उरतो तो कोणाचाच नसलेला एक देखणा चेहरा. त्यामुळे सिद्धेश्वरपासून हिंगोलीपर्यंत ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत, त्यांनी ती पुठ्ठ्यावरून सोलू नयेत, मूळ चित्राची दोन्ही बाजूंनी, स्टुडिओच्या शिक्क्यासह, प्रत काढून ठेवावी, आणि मागच्या कोऱ्या जागी शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने त्या पुरुषाचे नाव, गाव आणि माहीत असल्यास वर्ष लिहावे.