माहितीपटातील भाष्याचा अधिकार : 'बॉम्बे अवर सिटी' ते 'जय भीम कॉम्रेड'

प्रस्तावना :

'डॉक्युमेंटरी' या चित्रपटप्रकारासाठी मराठीत 'अनुबोधपट' आणि 'माहितीपट' असे दोन शब्द रूढ आहेत. पहिला काहीसा जुना, दुसरा आज अधिक प्रचलित. दोन्ही शब्दांत एक समान गृहीतक दडलेले आहे. बोध करणारा एक आणि तो घेणारा दुसरा, माहिती देणारा एक आणि ती ग्रहण करणारा दुसरा. मात्र ज्याचे जीवन प्रत्यक्ष पडद्यावर दिसते, त्या तिसऱ्या व्यक्तीला या दोन्ही शब्दांत स्थान नाही. माहितीपटाच्या विविध शैलींचा विचार करताना ही तिसरी व्यक्ती केंद्रस्थानी ठेवल्यास काय हाती लागते, याचा शोध प्रस्तुत लेखात आनंद पटवर्धन यांच्या दोन चित्रपटांच्या आधारे घेतला आहे.

सहा रीती आणि त्यांची मर्यादा :

१९२६ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'मोआना' या चित्रपटाच्या परीक्षणात जॉन ग्रिअर्सन यांनी 'डॉक्युमेंटरी' हा गुण त्या चित्रपटाला चिकटविला आणि पुढे वास्तवाची सर्जनशील मांडणी अशी या प्रकाराची ओळख स्थिरावली. मांडणी आली म्हणजे मांडणारा आला. फ्लाहर्टी यांच्याच 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) मध्ये कॅमेऱ्याला पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे ठेवून बांधण्यात आले होते. वास्तव आणि रचना यांतील हा ताण या प्रकाराच्या जन्मापासूनचा आहे.

हा ताण वेगवेगळ्या चित्रपटकारांनी कसा हाताळला, याचे वर्गीकरण अमेरिकन अभ्यासक बिल निकोल्स यांनी केले. १९९१ मध्ये त्यांनी चार रीती सांगितल्या व २००१ पर्यंत त्यांची संख्या सहा झाली. निवेदनप्रधान, काव्यात्म, निरीक्षणात्मक, सहभागात्म, आत्मचिकित्सक आणि आविष्कारप्रधान अशी त्यांची नावे मराठीत देता येतील. निवेदनप्रधान रीतीत अदृश्य निवेदक प्रेक्षकाला अर्थ सांगतो. निरीक्षणात्मक रीतीत कॅमेरा हस्तक्षेप न करता केवळ पाहतो. रॉबर्ट ड्र्यू यांचा 'प्रायमरी' (१९६०) हे तिचे परिचित उदाहरण होय. सहभागात्म रीतीत चित्रपटकार स्वतः माणसांशी बोलतो. जाँ रूश आणि एडगर मोराँ यांच्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर' (१९६१) मध्ये तर ज्यांचे चित्रण केले त्यांनाच ते दाखवून त्यांचे अभिप्रायही चित्रपटात घेतले गेले. आत्मचिकित्सक रीती चित्रपट घडविण्याची प्रक्रियाच उघड करते. झिगा व्हेर्तोव यांचा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) तिचा पूर्वज मानला जातो.

हे वर्गीकरण उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि अध्यापनात त्याचे रूपांतर अनेकदा सहा कप्प्यांत होते. चित्रपट दाखवावा, त्याची रीती ओळखावी, उदाहरण लिहावे, एवढ्यावर चर्चा संपते. निकोल्स यांनी स्वतः या रीती परस्परांत मिसळतात हे मान्य केले आहे. तेव्हा खरा प्रश्न रीतीच्या नावाचा नसून, अर्थ सांगण्याचा अधिकार त्या रीतीने कोणाच्या हाती दिला, हा आहे.

सरकारी निवेदकाचा स्वर :

भारतापुरते पाहिल्यास हा अधिकार दीर्घकाळ एकाच स्वराकडे होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे बंधनकारक होते. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन अशा विषयांवर एक भारदस्त आवाज बोलत असे आणि पडद्यावरील शेतकरी वा कामगार बहुधा मूकच राहत असे. या चौकटीतही अपवाद घडले. एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) मध्ये १९४७ साली जन्मलेले तरुण स्वतःच बोलतात आणि त्यांच्या आशेबरोबर त्यांची निराशाही नोंदली जाते. सरकारी संस्थेच्या चित्रपटात निवेदकाने मौन पत्करताच राष्ट्राचे एकसंध चित्र विस्कटते, ही बाब लक्षणीय आहे.

'बॉम्बे अवर सिटी' : जाब विचारणारी स्त्री

पटवर्धन यांचा 'बॉम्बे अवर सिटी' अर्थात 'हमारा शहर' (१९८५) मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीविषयी आहे. सुस्थित नागरिकांची व अधिकाऱ्यांची वक्तव्ये आणि उद्ध्वस्त होणाऱ्या वस्त्यांची दृश्ये यांच्या जोडणीतून चित्रपट आपले म्हणणे मांडतो. शीर्षकातील 'आपले' हे सर्वनाम कोणाचे, हा प्रश्न या जोडणीतून आपोआप उभा राहतो.

तथापि या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग वेगळाच आहे. वस्तीतील एक स्त्री कॅमेऱ्यामागील माणसालाच जाब विचारते. गरिबांची छायाचित्रे घेऊन तुम्ही नाव कमवाल, आमचे काय, असा तिच्या संतापाचा आशय आहे. हा प्रसंग संकलनात सहज गाळता आला असता. तो ठेवल्यामुळे सहभागात्म रीतीतील चित्रपट क्षणभर आत्मचिकित्सक होतो. ही आत्मचिकित्सा चित्रपटकाराने योजलेली नाही. जिचे चित्रण चालले आहे तिने ती त्याच्यावर लादली आहे. रीतीचा बदल येथे पडद्यावरील तिसऱ्या व्यक्तीने घडविला. वर्गीकरणाच्या कोष्टकात या घटनेला रकाना नाही.

'जय भीम कॉम्रेड' : शाहिराचे भाष्य

'बॉम्बे अवर सिटी'मध्ये शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण ठार झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत घोगरे यांनी आत्महत्या केली. आव्हान नाट्य मंचाशी संबंधित असलेल्या या डाव्या शाहिराने मरताना डोक्याला निळे कापड बांधले होते. त्या निळ्या रंगाचा अर्थ काय, या प्रश्नाचा माग काढत चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला.

तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात जवळजवळ सर्वच रीती एकत्र आढळतात. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, या गोळीबाराच्या समर्थनाची तपासणी चित्रपट पुराव्याच्या अंगाने करतो. वस्त्यांतील जलसे आणि जयंत्या तो शांतपणे पाहतो. महापरिनिर्वाण दिनी दादरला येणाऱ्या जनसमुदायाविषयी शहरातील सुस्थित मंडळींची नापसंती तो प्रश्न विचारून बाहेर काढतो. परंतु या सर्वांना बांधणारे सूत्र म्हणजे गाणी होत. पारंपरिक अनुबोधपटात जे काम निवेदक करीत असे, ते येथे घोगरे, संभाजी भगत आणि पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांच्यासारखे शाहीर करतात. घटनेचा अर्थ लावणे, तिला इतिहासाशी जोडणे, श्रोत्याला प्रश्न करणे ही निवेदनाचीच कार्ये होत. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी ती कार्ये महाराष्ट्रात या चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून केली आहेत. म्हणून 'जय भीम कॉम्रेड'मध्ये निवेदन नाहीसे झालेले नाही. त्याचा मालक बदलला आहे. निवेदनप्रधान रीती म्हणजे हुकमी रीती, हे समीकरण हा चित्रपट मोडून काढतो.

या स्थलांतराची किंमतही चित्रपटात दिसते. भाष्य करणारा शाहीर सुरक्षित अंतरावरील आवाज नसतो. घोगरे यांचा मृत्यू हा चित्रपटाचा आरंभ आहे, तर उत्तरार्धात कबीर कला मंचाचे कलावंत भूमिगत होतात आणि शीतल साठे यांच्या आईचे बोलणे प्रेक्षकाला ऐकावे लागते. चित्रपट पूर्ण झाल्यावर, २०१३ मध्ये, शीतल साठे व सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. अदृश्य निवेदकाला असा धोका कधीच नव्हता.

मर्यादा :

असे असले तरी अधिकाराचे हे हस्तांतरण संपूर्ण आहे, असे म्हणता येणार नाही. कोणते गाणे कोठे ठेवायचे, कोणाची मुलाखत कोठे तोडायची, हे निर्णय चित्रपटकाराचेच आहेत. सुस्थित नागरिकांच्या उद्गारांची मांडणी अशी आहे की ते स्वतःच्याच शब्दांत सापडतात. प्रेक्षकाला तेथे वेगळा निष्कर्ष काढण्यास फारशी जागा उरत नाही. शिवाय दलित वस्तीचे दुःख दलितेतर चित्रपटकाराच्या कॅमेऱ्यातून दिसते, हा आक्षेप केवळ प्रामाणिक हेतूच्या आधारे निकालात काढता येत नाही. १९८५ मधील त्या स्त्रीचा प्रश्न २०११ मध्येही शिल्लक आहे. मात्र मुंबईतील वस्त्यांत उघड्यावर पडदा लावून हा चित्रपट दाखविला गेला. ज्यांच्याविषयी चित्रपट आहे तेच त्याचे प्रेक्षक झाले, ही त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराची निदान सुरुवात मानता येईल.

समारोप :

माहितीपटाच्या रीती ही शैलीची यादी नसून चित्रपटकार, चित्रित व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यातील संबंधांची रूपे आहेत. म्हणूनच वर्गात एखादा माहितीपट दाखविल्यावर 'ही कोणती रीती?' या प्रश्नाबरोबर 'येथे अर्थ कोण सांगतो आणि त्याला ती मुभा कोणी दिली?' हाही प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. 'अनुबोधपट' आणि 'माहितीपट' हे शब्द बदलण्याची गरज नाही. परंतु बोध नेहमी पडद्याकडून प्रेक्षकाकडेच वाहतो, ही समजूत सोडावी लागेल. 'बॉम्बे अवर सिटी'मधील त्या स्त्रीने बोध केला तो चित्रपटकाराला, आणि तो ऐकून घेतला गेला म्हणूनच पुढचा चित्रपट शाहिराच्या स्वाधीन होऊ शकला.