शाळेतली ग्रामसभा : एक प्रयोग

गेल्या वर्षी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांची अभिरूप ग्रामसभा पाहिली. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले, पण माझ्या पिढीच्या तोंडी अजून 'नगर'च येते.) नाटके पाहून त्यांवर लिहिण्याची सवय जडलेली, तेव्हा हाही प्रयोगच समजून चार शब्द लिहितो.

नेपथ्य चोख होते. टेबलावर चादर, फळ्यावर खडूची वेलबुट्टी, सरपंच झालेल्या मुलीच्या अंगावर आईची साडी. ग्रामसेवकाने मागील इतिवृत्त खणखणीत आवाजात वाचले. सात ठराव आले आणि सातही सर्वानुमते मंजूर झाले! खिडकीशी उभे असलेले गुरुजी प्रत्येकाचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

इतक्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "टाकी बांधली, पण आमच्या वस्तीवर पाणीच येत नाही. त्याचं काय?"

सरपंचबाई गोंधळल्या. "अरे, हे आपल्यात नव्हतं!" गुरुजी म्हणाले. सभा हसली, मुलगा खाली बसला. त्या दुपारचा एकमेव जिवंत क्षण तोच होता, आणि तोच कापला गेला.

गुरुजींची मेहनत मी नाकारीत नाही. दोष आहे तो संहितेचा. दिल्लीच्या शाळांत १९६६ साली युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हापासून अशा उपक्रमांना बक्षिसाची जोड मिळाली. बक्षीस आले की तालीम येते, आणि तालीम आली की मतभेद पळतो. खऱ्या ग्रामसभेला गणपूर्तीचीसुद्धा धास्ती असते. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तितकी माणसे जमली नाहीत, तर सभा तहकूब होते. शाळेत वर्गच भरलेला. तिथे ही धास्ती कळणार कशी?

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. पुढे त्या गावाने पावसाचा आणि विहिरींचा हिशेब मांडून पाण्याचा ताळेबंद करण्याची रीत पाडली, आणि त्या कामात शाळेच्या मुलांनाही घेतले. पाऊस किती पडला यावर कोणते पीक घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरते. उसाला बंदी, शेतीसाठी कूपनलिकेला बंदी! असा निर्णय कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढतोच. म्हणूनच तिथली चर्चा पाठ करून भागत नाही. मुलाने मोजलेल्या आकड्यावर बापाचे पीक ठरते, याहून मोठा नागरिकशास्त्राचा धडा मला ठाऊक नाही.

प्रत्येक शाळेला हिवरे बाजार लाभणार नाही. पण गुरुजींना एवढे करता येईल : मुलांना संवाद देऊ नयेत, अडचण द्यावी. पैसे एकाच कामापुरते, मागण्या तीन. एक गट रस्ता मागेल, दुसरा पाणी, तिसरा शाळेचे छप्पर. मग मतदान होऊ द्यावे आणि निकाल काय लागेल, हे गुरुजींनाही ठाऊक नसावे. शेवटी अर्धा तास हरलेल्यांना बोलू द्यावे. हरूनही पुढच्या सभेला यायचे असते, हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

तो मुलगा काही वर्षांत खरा मतदार होईल. लिहून दिलेलेच बोलायचे, एवढेच तो शाळेतून शिकला असेल, तर वस्तीवरच्या पाण्याचा प्रश्न तो पुन्हा विचारील का? त्याच्या गावाचे त्यावरच अवलंबून आहे.