शिक्षणाचे ऋण : दोन आत्मकथने

आपल्याकडील चरित्रग्रंथांत नायकाच्या विद्यार्थिदशेतील दारिद्र्याचे वर्णन सहसा मोठ्या हौसेने केलेले असते. रस्त्यावरील दिव्याखालचा अभ्यास, एक वेळचे जेवण, पायी तुडविलेली वाट, या गोष्टी वाचकांस आता तोंडपाठ झाल्या आहेत. परंतु त्या दारिद्र्याचा जमाखर्च मात्र क्वचितच सापडतो. फी कोणी भरली, खाणावळीचे पैसे कोठून आले, उसने घेतलेले केव्हा फिटले, आणि मुख्य म्हणजे देणाऱ्याने देताना अट कोणती घातली, हे प्रश्न चरित्रकारास क्षुद्र वाटतात. आमच्या मते ते क्षुद्र नाहीत. विद्यार्थी शिकतो तो कोणाच्या तरी पैशावर. आणि तो पैसा दान होता, कर्ज होते की कमाई होती, यावर त्याच्या पुढील आयुष्याचा पुष्कळ भाग अवलंबून राहतो. या दृष्टीने आम्ही येथे दोन आत्मकथने शेजारी ठेवून पाहणार आहो. एक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'आत्मवृत्त', दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजीतील छोटेखानी लेखन, जे १९३५-३६च्या सुमारास लिहिले गेले आणि त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने निघाले. पहिला ग्रंथ संपूर्ण आत्मचरित्र आहे, दुसऱ्यात केवळ निवडक प्रसंग आहेत. सबब कलाकृती म्हणून त्यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु दोघांची मुळे रत्नागिरी जिल्ह्यातील एकाच मुलखात आहेत. कर्व्यांचे मुरूड दापोली तालुक्यातले. आणि आपले घराणे मूळचे दापोली तालुक्यातले, असे आंबेडकरही आपल्या लेखनाच्या आरंभीच नमूद करतात. शिवाय दोघांच्याही हिशेबात बडोदे संस्थानाचे नाव येते.

कर्व्यांची भाषा साधी, किंबहुना रुक्ष म्हणावी इतकी साधी आहे. हा तिचा दोष नसून गुणच आहे, कारण पैशासंबंधी लिहिताना ते संकोच धरीत नाहीत व अलंकारही चढवीत नाहीत. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी, पावसाळी हवेने बोटी बंद म्हणून, ते मुरूडाहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले, आणि वय लहान दिसते एवढ्या कारणावरून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. दुसरा एखादा लेखक या प्रसंगावर अश्रू ढाळून मोकळा झाला असता. कर्वे तो सांगून पुढे जातात. तेविसाव्या वर्षी, १८८१ साली, ते मुंबईत मॅट्रिक झाले. शिकवण्या करून त्यांनी कॉलेजाचा खर्च भागविला आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. केले. कमाईतून शिक्षण हा त्यांचा मार्ग होता, आणि तो त्यांस साधला.

या मार्गामागील मनोवृत्ती ज्या एका कथेत दिसते ती आम्हांस सर्व ग्रंथात महत्त्वाची वाटते. बडोद्यास ब्राह्मणांस दक्षिणा मिळत असे व गावातील लोक तिकडे निघाले होते, तेव्हा घरातील मुलांनाही जावेसे वाटले. आईने साफ नकार दिला. ज्या घराण्याने गायकवाडांस एके काळी लाखो रुपये कर्ज दिले, त्या घराण्यातील मुलांनी त्यांच्याच दारी दक्षिणेस उभे राहू नये, असा तिचा अभिप्राय होता. घरात दारिद्र्य होते. परंतु आपण सावकाराचे वंशज आहो ही आठवणही होती. दान नाकारण्याचे सामर्थ्य ज्या ठिकाणाहून येते ते ठिकाण येथे अनायासे उघड झाले आहे. कर्व्यांचा स्वाभिमान खरा आहे यात शंका नाही. पण त्याला मागे टेकावयास एक भिंत होती, हे टीकाकाराने सांगितले पाहिजे.

ती भिंत केवळ आठवणींची नव्हती. मुंबईत त्यांस बिऱ्हाड मिळाले, नरहरपंत जोश्यांसारखा स्नेही मिळाला, मुलांस घरी शिकवावयास बोलावणारी कुटुंबे मिळाली. त्यांचेच एल्फिन्स्टनमधील सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले हेही याच जिल्ह्यातील कोतळूकचे. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्यातील आठ रुपये ते दरमहा धाकट्यास पाठवीत. याही कर्जास कागद नव्हता आणि व्याज नव्हते. मात्र ते फेडण्यासाठी एका भावाचे शिक्षण खर्ची पडले होते. पुढे १८९१ साली गोखल्यांनीच कर्व्यांस फर्ग्युसन कॉलेजात बोलावून घेतले. ओळख, बिऱ्हाड, भाऊ, स्नेही, हे सर्व विद्यार्थ्याचे भांडवलच होय. 'आत्मवृत्त'कारांनी हे भांडवल लपविलेले नाही. परंतु ते त्यांस इतके स्वाभाविक वाटते की त्याची वेगळी नोंद करावी असे त्यांच्या मनात येत नाही.

दुसरे लेखन वाचताना याच उणिवेची जाणीव तीव्रतेने होते. आंबेडकरांस १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. अर्थसाह्य म्हणून पाहिले तर याहून उदार व याहून व्यवस्थित योजना त्या काळी विरळाच. १९१७ साली आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले व अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. नोकरी होती, पगार होता, विद्या होती. राहावयास खोली मात्र मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस तेथून निघावयास लावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसऱ्याची विचारणा केली; दोघांनीही टाळले. मग रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत कमाठी बागेत बसून राहण्यावाचून त्यांस गत्यंतर उरले नाही.

या प्रसंगाचे वर्णनही कर्व्यांच्या इतकेच संयमी आहे. परंतु कर्व्यांचा संयम कष्ट सांगून होऊन गेल्याच्या समाधानातून येतो. आंबेडकरांचा संयम साक्षीदाराचा आहे. वाचकाची दया त्यांस नको आहे, कबुली हवी आहे. ऋणको कर्ज फेडावयास दारी आला असता नगरानेच त्यास हाकलून दिले, मग करार कोणी मोडला? हा प्रश्न ते शब्दांत मांडीत नाहीत; तपशिलांच्या क्रमानेच तो वाचकापुढे उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल की बहिष्कार कर्व्यांसही सोसावा लागला. ही गोष्ट खरी आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा, ज्या गावासाठी त्यांनी 'मुरूड फंड' उभारला होता, त्याच गावाने त्यांस वाळीत टाकले, आणि त्याची झळ त्यांच्या मातोश्रींसही लागली. ते दुःख हलके लेखण्याची आमची इच्छा नाही. तथापि तो बहिष्कार एका कृत्याबद्दल होता, आणि पुण्यास त्यांची नोकरी व घर शाबूत होते. दुसरा बहिष्कार जन्माबद्दल होता, आणि त्याने नोकरी व घर या दोहोंवरच घाला घातला.

दोघांनीही ऋण फेडले ते पुढच्यांस देऊन. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम व १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. आंबेडकरांस लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साह्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज अशी तिहेरी जुळणी करावी लागली. आणि तेथे प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची जी योजना १९४४ साली सुरू झाली ती आजही चालू आहे. तीत दहा वर्षांच्या नोकरीचा करार नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज दापोलीचा वा मंडणगडाचा मुलगा संस्थानाकडे जात नाही. तो ब्यांकेकडे जातो. २००१ पासून ब्यांकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आहे, निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तारण व जामीन यांवाचून कर्ज देणारी केंद्र सरकारची योजना २०२४ साली आली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु फी हा खर्चाचा एक भाग झाला. शहरात खोली कोण देतो, आडनाव विचारून दार कोण लावून घेतो, पदवीनंतर हप्ता सुरू होण्यापूर्वी कामावर कोण घेतो, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नसते. आणि कर्ज फिटणे न फिटणे तर यांवरच ठरते.

म्हणून 'आत्मवृत्त' आजही वाचावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. काटकसर, चिकाटी व हिशेबातील प्रांजळपणा यांचा असा दुसरा पाठ मराठीत थोडाच आहे. परंतु ते एकटे वाचले तर तरुण वाचकाची अशी समजूत होईल की जो कष्ट करील त्याचे ऋण फिटतेच, आणि ज्याचे फिटले नाही त्याने कष्टच केले नाहीत. ही समजूत अन्यायाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षकांनी हे दोन हिशेब आपल्या विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवावेत, आणि पहिल्यात जी बाब गृहीत धरलेली आहे ती दुसऱ्यात खर्ची कशी पडली, हे त्यांस स्वतः शोधू द्यावे.