पैसा कुणाच्या नावावर लागतो

सप्टेंबर २००६मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला आणि गांधीजींशी गप्पा मारणाऱ्या गुंडाला देशाने डोक्यावर घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईच्या टाडा न्यायालयाने संजय दत्तला बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटाच्या आरोपातून मात्र तो सुटला. निकालाने त्याच्या बाजारभावाला काही धक्का लागला नाही. १९९३मध्ये अटक झाल्यापासून हेच चालत आले होते. त्याच वर्षी ‘खलनायक’ने गल्ला गोळा केला, पुढे जामिनावर असताना महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला, मग मुन्नाभाई. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावल्यावर त्याने शरण येण्यासाठी मुदत मागितली. अपुऱ्या चित्रपटांत निर्मात्यांचे कोट्यवधी रुपये अडकले आहेत, हे अर्जातले एक कारण होते. चार आठवडे मिळाले. फेब्रुवारी २०१६मध्ये तो येरवड्यातून सुटला आणि दोन वर्षांनी राजकुमार हिरानींनी त्याच्या आयुष्यावर ‘संजू’ काढला. तोही तुफान चालला.

आता त्याच काळातली मंदाकिनी आठवावी. ‘राम तेरी गंगा मैली’मुळे १९८५मध्ये ती एका रात्रीत नायिका झाली. शारजाच्या क्रिकेट मैदानावर दाऊद इब्राहिमशेजारी बसलेले तिचे छायाचित्र छापून आले आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत तिचे पडद्यावरचे आयुष्य संपले. तिच्यावर खटला चालला नाही, शस्त्र सापडण्याचा तर प्रश्नच नव्हता. आपली फक्त ओळख होती, असे ती सांगत राहिली. एकाच्या घरात एके-५६ रायफल आली, दुसरीचा फोटो निघाला. काम टिकले ते पहिल्याचे.

या तफावतीचे खापर प्रेक्षकांच्या मनोवृत्तीवर फोडून मोकळे होता येते. ते अर्धेच खरे आहे. हिंदी चित्रपटाचा धंदा नायकाच्या नावावर पैसा उभा करतो. वितरक, वाहिन्या, आता ओटीटी कंपन्या, सगळे आधी नायक कोण ते विचारतात. तो तुरुंगात गेला तर दोन-चार चित्रपट बुडतात, म्हणून त्याला सांभाळून घ्यायला सगळा व्यवसाय कामाला लागतो. नायिका बदलता येते. मे २०१५मध्ये सत्र न्यायालयाने वांद्र्याच्या अपघात प्रकरणात सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली, जुलैत ‘बजरंगी भाईजान’ आला, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मधल्या सात महिन्यांत त्याचे काम थांबले नाही.

नैतिकतेपेक्षा पैसा मोठा ठरतो, याचा जुना पुरावा मुंबईतच आहे आणि तो उलट्या बाजूचा आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘जीवन नैया’चे चित्रीकरण चालू असताना देविकाराणी नायक नजमुल हसनबरोबर निघून गेली. ती मालक हिमांशू राय यांची पत्नी होती, आणि स्टुडिओचा चेहराही. रायांनी तिला परत आणले. नोकरी गेली नजमुलची. त्याच्या जागी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणाला उभे केले गेले, तो अशोककुमार. १९३६मध्ये ‘अछूत कन्या’त देविकाराणी पुन्हा नायिका होती. ज्या काळात चित्रपटातल्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने बघत होता, त्या काळात तिला माफी मिळाली, कारण मालमत्ता ती होती.

उलट, पाठीशी भांडवल नसलेला पुरुषही पडतो. शायनी आहुजाला घरकाम करणाऱ्या तरुणीवरील बलात्काराबद्दल २०११मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. नंतर ‘वेलकम बॅक’सारखी तुरळक भूमिका सोडली तर तो नायक म्हणून उभा राहिला नाही.

भांडवलाच्या जोडीला वयाचे गणित येते, आणि बाईला खरा मार बसतो तो इथे. नायक पन्नाशीतही पंचविशीच्या नायिकेबरोबर नाचतो. त्याच्या आयुष्यातून खटल्याची दहा वर्षे गेली तरी पुढे वीस उरतात. नायिकेला मुळात दहा-बारा वर्षे मिळतात. त्यातली चार गेली तर निर्दोष ठरूनही हाती काय राहणार?

रिया चक्रवर्तीचे प्रकरण या गणिताचे ताजे उदाहरण आहे. जून २०२०मध्ये तिचा प्रियकर, अभिनेता सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला. पुढचे तीन महिने वृत्तवाहिन्यांनी तिच्यावर काळ्या जादूपर्यंतचे आरोप चालवले आणि समाजमाध्यमांवर बंगाली बायकांच्या नावाने वाट्टेल ते लिहिले गेले. बॅलार्ड इस्टेटमधल्या अमली पदार्थ विभागाच्या कार्यालयात ती चौकशीला गेली, तेव्हा दाराशी कॅमेऱ्यांचा इतका गराडा होता की धक्काबुक्कीतून वाट काढत तिला आत जावे लागले. ८ सप्टेंबरला अटक झाली. महिनाभराने उच्च न्यायालयाने जामीन देताना, ती अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या साखळीचा भाग नाही, असे नोंदवले. तोवर भायखळ्याच्या तुरुंगात चार आठवडे गेले होते. २०२१मध्ये ‘चेहरे’ची पहिली जाहिरात आली तेव्हा पोस्टरवर तिचा चेहरा नव्हता. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५मध्ये. दरम्यान तिने ‘रोडीज’ केले, पॉडकास्ट सुरू केला, कपड्यांचा व्यवसाय काढला. ही उमेद कौतुकाची आहे, पण अभिनयाची ती वर्षे तिच्या हातून गेली ती गेलीच.

ऑक्टोबर २०२१मध्ये याच अमली पदार्थ विभागाने आर्यन खानला पकडले. तोही चार आठवड्यांच्या आसपास कोठडीत होता. पुढे पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रात आले नाही. २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची पहिली मालिका वाजतगाजत झळकली. दोन्ही खटले तंतोतंत सारखे नाहीत, आणि शाहरुख खानचा मुलगा असणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्याबद्दल लोकांना कळवळा वाटला हे चांगलेच झाले. तसा कळवळा रियाच्या वाट्याला का आला नाही, हा प्रश्न तरीही उरतो.

बदनामी आरोपीची व्हायला हवी. चित्रपटव्यवसायात ती तक्रार करणारीला चिकटते. २००८मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’च्या सेटवरील वर्तनाबद्दल तनुश्री दत्ताने नाना पाटेकरांवर आरोप केले, तेव्हा तिच्या गाडीवर हल्ला झाला. दहा वर्षांनी तिने तेच पुन्हा सांगितले. पाटेकरांनी आरोप नाकारले, पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. पाटेकर पुढे ‘द व्हॅक्सिन वॉर’, ‘वनवास’मध्ये दिसले, तनुश्रीचे काम मात्र पहिल्याच खेपेला आटले होते. लेखिका विनता नंदांनी अत्याचाराचे आरोप केल्यावर अभिनेते आलोकनाथांना कलाकार संघटनेने काढून टाकले, पण काही महिन्यांत ‘दे दे प्यार दे’ त्यांच्यासह प्रदर्शित झाला. दिग्दर्शक साजिद खान अशाच आरोपांवरून झालेल्या एका वर्षाच्या निलंबनानंतर २०२२मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात होता.

कथा कोण सांगतो, यावरही बरेच ठरते. ‘संजू’ दत्तच्या लाडक्या दिग्दर्शकाने काढला, त्यात त्याची व्यसने आणि प्रेमप्रकरणे हसत-हसवत आली आणि बरेचसे खापर वर्तमानपत्रांवर फुटले. मराठीतल्या अभिनेत्री हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात आपले आयुष्य काहीही न झाकता मांडले. त्यावर श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला तो १९७७मध्ये, हंसाबाई गेल्यानंतर. स्मिता पाटीलने तो अजरामर केला. पण त्या नायिकेच्या स्वच्छंदीपणाला कुणी मर्दुमकी म्हटले नाही. ती शेवटी एकाकीच राहते.

या बाबतीत मल्याळम चित्रपटसृष्टी पुढे निघाली. २०१७मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर तिथल्या स्त्री कलाकारांनी संघटना उभारली आणि सरकारला चौकशी समिती नेमायला लावले. न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९च्या अखेरीस तयार झाला, तो पाने गाळून का होईना, ऑगस्ट २०२४मध्ये लोकांसमोर आला. तोंड उघडणाऱ्या बायकांचे काम बंद पाडले जाते, हे त्यात सरकारी कागदावर उतरले. तिथल्या मुख्य कलाकार संघटनेच्या कार्यकारिणीने आठवड्याभराने राजीनामा दिला आणि वर्षभराने श्वेता मेनन तिच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्र सरकारने मुंबईसाठी अशी समिती नेमायला हवी. त्या समितीने केवळ छळाच्या तक्रारी मोजू नयेत. आरोप झाल्यावर कुणाचे करार मोडले गेले, कुणाचे टिकले आणि ते कुणी ठरवले, हेही निर्मात्यांच्या कागदपत्रांतून बाहेर काढावे.